कोरड्या उन्हाळ्यात कॅलेथियाची निगा
कॅलेथिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील दमट जंगलांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे झाड असल्यामुळे त्याला ऊब मानवते, कोरडी हवा मात्र मानवत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि हवेतील ओलावा पार आटतो, तेव्हा पानांच्या कडा तपकिरी होतात आणि पाने नळीसारखी गुंडाळली जातात. अशा वेळी पुष्कळ जण कुंडीत जास्त पाणी ओततात. त्याने मुळे कुजतात, हवा कोरडी ती कोरडीच राहते.

घरात कूलर चालत असेल, तर कुंडी त्याच खोलीत, परंतु झोताच्या थेट समोर न येईल अशी ठेवावी. कूलर नसल्यास पाण्याच्या माठाशेजारची सावलीची जागा उत्तम, कारण माठ पाझरत असल्याने तेथील हवा थोडी ओलसर राहते. पानांवर फवारलेले पाणी काही मिनिटांतच उडून जाते, म्हणून त्यावर फारशी भिस्त ठेवू नये.

बोअरचे पाणी जड असल्यास पानांची टोके जळतात. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी तर कुंडीत कधीच घालू नये, कारण पाणी उडत जाते तसतसे त्यात क्षार साचतात. जाळीवर जमणारा पांढरा थर तोच. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी झाकणाच्या ड्रमात साठवल्यास ते पुढे कामी येते. मातीचा वरचा बोटभर थर सुकल्यावरच पाणी द्यावे.