डॅलसच्या आसपास टॉर्नेडो: कुठे बसायचं आणि नंतर काय करायचं

प्लेनो, फ्रिस्को, अर्विंगमधल्या मराठी घरांत टॉर्नेडो म्हणजे एप्रिल-मे असं धरूनच चाललेलं असतं. जोर तेव्हाच असतो, हे खरं. पण गार्लंड-रोलेटवर ईएफ-४ (ईएफ म्हणजे टॉर्नेडोच्या जोराची ० ते ५ श्रेणी) टॉर्नेडो आला तो २६ डिसेंबर २०१५ रोजी, आणि उत्तर डॅलसमधून ईएफ-३ गेला तो २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री नऊच्या सुमारास. दोन्ही काळोखात. आभाळ बघून ठरवू, हा बेत इथे चालत नाही.

‘टॉर्नेडो वॉच’ म्हणजे हवा तशी झाली आहे: पुढचे काही तास फोन चार्ज ठेवा, लांब जाऊ नका. ‘टॉर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे तो कुणाला दिसला आहे किंवा रडारवर फिरकी दिसली आहे: हातातलं टाकून आत. कधी दहा मिनिटं मिळतात, कधी दोनही नाहीत. सायरन घराबाहेरच्या लोकांसाठी असतो. एसी लावून झोपलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवरही चालणारा वेदर रेडिओ घ्या आणि त्यात आपल्याच काउंटीचा कोड भरा. तो न भरल्यास रेडिओ लांबच्या वादळांसाठीही किंचाळतो, आणि तिसऱ्या रात्री वैतागून तुम्हीच तो बंद करता.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर दिवसा घरी तेच असतात, आणि फोनवरचा अलर्ट इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये येतो. फ्रिजवर मराठीत चिठ्ठी लावा: आवाज कुठला, खोली कुठली, आणि बघायला अंगणात जायचं नाही. एकदा प्रत्यक्ष नेऊन बसवा. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नसेल तर बुटकं स्टूल तिथेच ठेवून द्या.

या भागातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, म्हणून घरांना तळघर सहसा नसतं. तळमजल्यावरची, बिनखिडकीची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली सर्वांत लहान जागा निवडा. बऱ्याच घरांत ती जिन्याखालचा क्लोझेट असते. गॅरेजला चिकटलेली खोली नको. गॅरेजचं रुंद दार लवकर दबतं, वारा आत घुसतो आणि छत खालून उचलतो. खिडक्या उघडून दाब सारखा करायचा, हा जुना सल्ला याच कारणाने उलटा पडतो. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवा. गाडीत असाल तर पुलाखाली थांबू नका: तिथे वारा आणखी जोराने घुसतो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात असे तिघे पुलांखाली दगावले.

क्लोझेटातलं जास्तीचं सामान आधीच काढा, नाहीतर ऐन वेळी चार माणसं मावत नाहीत. हेल्मेट प्रत्येकाला हवं. मुलांच्या क्रिकेट किटमधलं चालतं. पायात बूट (चपला नव्हेत, नंतर सगळीकडे खिळे आणि काचा असतात), गळ्यात शिट्टी, अंगावर जाड रजया. पासपोर्ट आणि आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची मंजुरीची नोटीस) पाणी न शिरणाऱ्या पिशवीत तिथेच राहू द्या, आणि त्यांचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर न ठेवता क्लाउडवर ठेवा.

वादळ गेल्यावर पहिल्यांदा नाकाला विचारा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, काडी ओढू नका. बाहेर पडा, लांब जाऊन फोन करा. मेन बंद केला असेल तर तो पुन्हा गॅस कंपनीनेच उघडायचा. पडलेली प्रत्येक तार जिवंत समजा. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नाही. न उघडलेला फ्रिज ४ तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८, अर्धा भरलेला २४.

मग फोटो. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, शिवाय छत, कुंपण, गाडी. त्यानंतर ताडपत्री, तीही लगेच: पुढच्या पावसाने वाढलेलं नुकसान ‘तुम्ही काळजी घेतली नाही’ म्हणून नाकारलं जाऊ शकतं. ताडपत्री भोकाच्या चारही बाजूंना ४ फूट जास्त घ्या आणि वरची कड छपराच्या माथ्यापलीकडे न्या. माथ्याच्या अलीकडेच संपवली तर पाणी तिच्याखालून वाहतं. कड लाकडी पट्टीभोवती गुंडाळून पट्टी स्क्रूने आवळा. नुसते खिळे ठोकले तर वारा तिथूनच फाडतो. ओल्या, उताराच्या छपरावर स्वतः चढण्यापेक्षा माणूस लावा आणि पावती ठेवा. ओला गालिचा आणि भिंतीतला ओला कापूस (इन्सुलेशन) २४ ते ४८ तासांत काढला नाही तर बुरशी धरते.

विम्यात वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा भाग) बहुधा टक्केवारीत असतं: घराचा विमा ४ लाख डॉलर, २ टक्के म्हणजे पहिले ८,००० तुमचे. ‘डिडक्टिबल आम्ही सोडतो’ म्हणणाऱ्या छपरवाल्याला दारातूनच परत पाठवा. २०१९ पासून टेक्सासात ते बेकायदा आहे. छपराच्या कामाला इथे राज्याचा परवानाही लागत नाही, त्यामुळे नंबर प्लेट दुसऱ्या राज्याची आणि आगाऊ रक्कम मोठी असेल तर सही करू नका. हॉटेल-जेवणाच्या पावत्या सांभाळा; पॉलिसीत राहण्याच्या वाढीव खर्चाची तरतूद असेल तर तो मिळतो, पण नेहमीच्या खर्चापेक्षा जेवढा जास्त झाला तेवढाच.

राष्ट्राध्यक्षांनी त्या भागात आपत्ती जाहीर करून वैयक्तिक मदत लागू केली तरच फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत खात्याची) रोख मदत सुरू होते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पात्र असतात. एच-१बी वाले (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे) स्वतः नाहीत. पण इथे जन्मलेलं, नागरिक असलेलं मूल तुमच्याबरोबर राहत असेल तर पालक त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. अर्जात मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, म्हणून ते कार्डही त्याच पिशवीत ठेवा.