कादंबरीतली जादू रंगमंचावर आणताना: ठाण्यातल्या एका बालनाट्याचा अनुभव

आमच्या ठाण्यातल्या हौशी गटाने कादंबरीवरून बालनाट्य करायचं ठरवलं आणि संहिता माझ्याकडे आली. तोवर मी दोन एकांकिका लिहिल्या होत्या, रूपांतर एकही नाही. नट नऊ ते चौदा वर्षांची मुलं, तालमी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी हक्कांचं बघा. आम्ही एल. फ्रँक बॉम यांची 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' निवडली. वादळात उडून ऑझच्या देशात पडलेली डोरोथी ही मुलगी बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह या सोबत्यांसह तिथल्या जादूगाराकडे घरी जायला मदत मागते, अशी ती गोष्ट. कादंबरी १९०० सालची, लेखक १९१९ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मूळ पुस्तक मोकळं आहे. पण अलीकडच्या एखाद्या मराठी अनुवादातले संवाद उचलले, तर त्या अनुवादकाची परवानगी लागते. दुसरी गफलत चित्रपटामुळे होते. डोरोथीचे लाल बूट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, पण ते १९३९ च्या चित्रपटातले. पुस्तकात बूट चांदीचे आहेत. आमच्या वेशभूषा करणाऱ्या ताईंनी लाल चमकीचं कापड आणूनही ठेवलं होतं. ते मग अफूच्या फुलांच्या शेतासाठी वापरलं.

प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पक्की झाल्याबरोबर पाठवा. प्रमाणपत्राची धावपळ रंगीत तालमीच्या आठवड्यात अजिबात नको.

खरी मेहनत काटछाटीची. पुस्तकात २४ प्रकरणं. माझा पहिला खर्डा बैठ्या वाचनाला अडीच तास चालला आणि पाऊण तासानंतर मुलं एकमेकांच्या वह्यांवर चित्रं काढायला लागली. आम्ही सव्वा तासाची मर्यादा घातली. प्रत्येक प्रवेशाला एकच प्रश्न विचारला: हा काढला तर डोरोथीचं घरी जाणं अडतं का? चिनी मातीच्या माणसांचा देश मला फार आवडतो, बोट लागलं तरी तडकणारी ती माणसं. तरी तो काढला. दोन दिवस चुटपुट लागली, पण नाटक मोकळं झालं.

आता जादूगाराकडे येते, कारण सगळ्यात जास्त मी तिथेच शिकले. पुस्तकात तो चौघांना चार रूपांत दिसतो: डोरोथीला प्रचंड मस्तक, बुजगावण्याला सुंदर स्त्री, पत्र्याच्या माणसाला भयंकर श्वापद, सिंहाला आगीचा गोळा. आम्ही थर्माकोलचं पाच फुटी मस्तक केलं. ते हॉलच्या दारातून आडवं करूनच आत न्यावं लागायचं, आणि रंगमंचावर गणपतीच्या मखरासारखं नुसतं बसून राहायचं. धुराचं यंत्र भाड्याने आणलं, तर पुढे बसलेली मुलं खोकायला लागली. मी पुस्तक पुन्हा उघडलं. सिंहाच्या डरकाळीने दचकून डोरोथीचा कुत्रा टोटो उडी मारतो, कोपऱ्यातला पडदा कलंडतो आणि मागे एक बुटका, टकला म्हातारा उभा असतो. म्हणजे लेखकाने नेपथ्य लिहूनच ठेवलं होतं.

आम्ही पांढऱ्या चादरीचा पडदा उभा केला, मागे एक हॅलोजन आणि त्याच्यासमोर जादूगार झालेल्या मुलाचे हात. हात दिव्याजवळ नेला की सावली मोठी, पडद्याजवळ आणला की लहान. मस्तक पुठ्ठ्याचं, जेमतेम वीतभर, पण चादरीवर छताला टेकायचं. श्वापदाला दहा बोटं पुरली. आगीच्या गोळ्यासाठी दिव्यासमोर नारिंगी जिलेटिन हलवलं. चादरीचा पडदा कलंडायचा तेव्हा प्रेक्षकांना खरोखरच एक लहान मुलगा, एक दिवा आणि पुठ्ठ्याचा तुकडा दिसायचा. गोष्टीतली लबाडी आणि आमची युक्ती एकच झाली. अद्भुत कादंबरी निवडताना अशी जागा शोधा. जिथे जादू केवळ पैशाने आणि यंत्रांनीच दाखवता येईल, ती कादंबरी पहिल्या नाटकाला घेऊ नका.

सभागृहही त्या हिशेबानेच ठरवा. तलावपाळीजवळच्या गडकरी रंगायतनमध्ये नाटक करायचं हे ठाण्यातल्या प्रत्येक कलाकाराचं स्वप्न असतं, माझंही आहे. पण चादरीवरची सावली शेवटच्या रांगेतून ठळक दिसायला हवी. म्हणून आम्ही पहिले प्रयोग दीडशे खुर्च्यांच्या एका छोट्या हॉलमध्ये केले. मुलांचे आवाजही माइकशिवाय पोचले.

एक गोष्ट मात्र आम्ही आधी ताडली नव्हती. जादूगाराच्या पाचूनगरीत शिरताना सगळ्यांना हिरवे चश्मे घालावे लागतात, आणि नगरी हिरवी दिसते ती त्या चश्म्यांमुळे, हे जादूगार शेवटी कबूल करतो. आम्ही पुठ्ठा आणि हिरव्या जिलेटिनचे चश्मे करून दारातच प्रेक्षकांना वाटले. कबुलीच्या वेळी नट स्वतःचे चश्मे काढतात, मग प्रेक्षकांनाही काढायला सांगतात. पहिल्या प्रयोगात तिसऱ्या रांगेतली एक चिमुरडी ठणकावून म्हणाली, "मी नाही काढणार!" डोरोथी झालेली मुलगी गडबडली. तिचं पुढचं वाक्य पाठ होतं, पण ती ते बोलली नाही. रंगमंचाच्या कडेला येऊन खाली बसली आणि म्हणाली, "बरं, तू ठेव. मग मला सांग, तुला काय दिसतंय?"

सगळा हॉल गप्प. ती छोटी खुर्चीवर उभी राहिली आणि सांगू लागली. विंगेत मी हातातली संहिता खाली ठेवली. पुढच्या प्रयोगापासून ती जागा आम्ही मोकळीच सोडली आहे, डोरोथीच्या प्रश्नानंतर कोऱ्या चार ओळी.