वजनाच्या ऑपरेशननंतर छातीत धडधडतंय? आधी ती धडधड पकडा

बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर छातीत धडधडतंय असं नुसतं बोललात, तरी कोल्हापुरात अख्खी गल्ली सल्ला द्यायला तयार असते. अशक्तपणा आलाय, पांढरा रस्सा पी. पित्त झालंय, गार दूध घे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं जाऊन एक सलाईन लावून ये. यातलं काहीही लगेच करायचं नाही. स्लीव्ह (पोट कापून लहान करणं) असो वा बायपास (अन्नाची वाट आतड्यात पुढं वळवणं), धडधडीची कारणं बरीच आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो. तुमची धडधड कुठल्या जातीची, हे कळल्याशिवाय औषधाचं नावही काढू नका.

घरी थांबायचं नाही ते कधी

ऑपरेशनला महिना झालेला नाही आणि स्वस्थ पडून असतानाही नाडी १२० च्या वर टिकून आहे? मग ताप नसला, पोट दुखत नसलं तरी सर्जनला तिथल्या तिथं फोन लावा. टाक्यांच्या ओळीतून होणारी गळती, आतला रक्तस्राव, फुप्फुसात अडकलेली गुठळी, या तिन्हींत कधीकधी सुरुवातीला वेगवान नाडीशिवाय काहीच दिसत नाही. 'सकाळी ओपीडीत दाखवू' हे इथं चालत नाही.

ऑपरेशन जुनं असलं तरी धडधडीबरोबर भोवळ येऊन पडलात, छातीत दाब आला, बोलताना दम लागला, तर १०८ बोलवा. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा सरकारी दवाखाना असो वा खासगी, कॅज्युअल्टीत 'वजनासाठी पोटाचा बायपास झालाय' असं पूर्ण सांगा. नुसतं बायपास म्हटलं की समोरचा हृदयाचा समजतो. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

नाडी मोजा

मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकलेले ठोके नजरेतून सुटतात. वजन उतरल्यावर स्वस्थ बसल्यावरची नाडी पन्नाशीत येणं नेहमीचं आहे. चक्कर येत नसेल तर त्याची धास्ती नको. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना कळवा.

धडधड पकडा

मला सगळ्यात जास्त छळलं ते या पायरीनं. धडधड सुरू व्हायची, रिक्षा करून राजारामपुरीतल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके सुतासारखे सरळ. 'ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून परत. अहो, तो कागद फक्त दहाएक सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत काही झालं नाही, एवढंच तो सांगतो. अर्ध्या तासापूर्वी स्वयंपाकघरात ओटा धरून उभं राहावं लागलं त्याचं काय, हे त्याला माहीत नाही.

म्हणून घरीच वही ठेवा. धडधड चालू असतानाच लिहायचं: किती वाजलेत, शेवटचं काय खाल्लं आणि कधी, तेव्हा बसला होता की उठत होता, नाडी किती, ठोके एकसारखे की अडखळत, बीपी किती, ग्लुकोमीटरवर साखर किती. संध्याकाळी आठवून लिहिलेलं बिनकामाचं. अशा काही नोंदी जमल्या की बहुतेक वेळा वेळेवरूनच उलगडा होतो.

उठून उभं राहिल्यावर धडधडतं? पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी घ्या. मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचं बीपी २० नं पडलं किंवा नाडी ३० नं चढली, तर बहुधा पोटात पाणी कमी जातंय किंवा बीपीची गोळी जास्त होतेय. तो डोस तुमच्या जुन्या वजनाला ठरवलेला होता, आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण घोट घोट, जेवणापासून अर्धा तास लांब. तांब्या तोंडाला लावायचे दिवस गेले.

खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, पोटात मुरडा आणि धडधड? हे डम्पिंग, म्हणजे गोड खाणं पोटातून झपकन आतड्यात उतरणं. उसाचा रस, काकवी, बासुंदी ही नेहमीची गिऱ्हाइकं. आडवं पडा, जातं. ते खाणं सोडा.

खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोकं चालत नाही आणि छाती धडधडते, हा प्रकार वेगळा. इथं साखर उतरलेली असते. बायपासवाल्यांना हे बरेचदा वर्ष उलटल्यावर सुरू होतं, त्यामुळं ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि 'मनावर घेतं फार' असा शिक्का बसतो. त्या क्षणी ग्लुकोमीटर लावणं, याला दुसरा पर्याय नाही. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग अंडं, पनीर किंवा घट्ट वरण असं काहीतरी खा. नुसत्या गोडावर थांबलात तर साखर चढते आणि पुन्हा कोसळते. पुढच्या भेटीत हे आकडे सर्जनला दाखवा.

आणि यातल्या कशाशीच संबंध नाही? बटण दाबल्यासारखी सुरू होते, तशीच झटक्यात बंद होते, किंवा ठोक्यांना ताळतंत्रच नाही? मग हृदयाच्या तालातच बिघाड असण्याची शक्यता धरा. इथं वही पुरत नाही, ईसीजीची पट्टीच हवी. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर उत्तम, पण त्यातला नुसता नाडीचा आकडा नको, पट्टीची फाईल डॉक्टरांना पाठवा. घड्याळ नसेल तर रात्री-अपरात्री ईसीजी काढून देणारा घराजवळचा दवाखाना आजच शोधून ठेवा. धडधड रोज होत असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं मशीन) पुरेल. आठवड्यातून एकदा होत असेल तर जास्त दिवसांचं मशीन मागा. २४ तासांत ती सापडेलच असं नाही. धडधड थांबवायला नाक दाबून जोर लावायची युक्ती डॉक्टरांनी शिकवली असेल तरच करा, आणि ऑपरेशन ताजं असेल तर अजिबात नको.

सलाईनबद्दल

इथं मी कुणाचं ऐकून घेत नाही. दोन-तीन आठवडे उलट्या होतायत किंवा अन्न जातच नाहीये, तर अंगातलं बी१ म्हणजे थायमिन संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिनशिवाय ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. हे डॉक्टरांना स्वतः सांगा, ते वैतागले तरी सांगा. उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन देणार असतील तर धडधडीचं आणि पोटॅशियमचं आधी बोला. पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी असताना त्या औषधानं ताल बिघडू शकतो.

रक्त तपासण्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी१२, टीएसएच, क्रिएटिनिन. चिठ्ठीवर मॅग्नेशियम बरेचदा नसतं, मागून घ्या. पित्ताची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर ते उतरलेलं असू शकतं. पोटॅशियमचं सिरप मनानं घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी असेल तर शहाळ्याचंही विचारूनच.

गोळ्या

वजन उतरल्यावर थायरॉईडचा जुना डोस जास्त ठरू शकतो आणि तोच धडधड लावतो. ही गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तास ठेवा. मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नका, धडधड उलटून येते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर नीट लागू होतीलच असं नाही, आणि त्या कुटून घेणं तर धोक्याचं. दुसरा प्रकार लिहून मागा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ऑपरेशननंतर ती पुरेशी शोषली जाते का, हे हृदयाच्या डॉक्टरांना थेट विचारा, आणि त्यांचा नंबर तुमच्या सर्जनला द्या. दोघं आपणहून एकमेकांना फोन करतील, याची वाट बघू नका.