चौक तुंबतो तेव्हा: शहराच्या वाहतूक नियोजनातल्या या चुका टाळा

चौक तुंबला की महापालिकेत आधी ठरतं ते काय बांधायचं. ते का बांधायचं हे सांगणारी मोजणी मागाहून मागवली जाते. मग अहवाल नाशिकचा असो, सोलापूरचा असो की सांगलीचा, चुका त्याच आणि त्याच क्रमानं सापडतात. नव्यानं रुजू झालेले ज्युनिअर इंजिनीअर, कन्सल्टंटकडची पोरं आणि हरकती लिहिणारे जागरूक नागरिक, तिघांनाही उपयोगी पडेल असं खाली मांडलं आहे.

गेलेली वाहनं मोजायची, अडकलेली सोडून द्यायची

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. चौकाच्या प्रत्येक हाताला, म्हणजे चौकाला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्याला, एकेक पोरगा तक्ता घेऊन उभा राहतो आणि थांबरेषा ओलांडून गेलेल्या वाहनांच्या रेघा ओढतो. रस्ता मोकळा असेल तर हे ठीक. पण रांग लागलेल्या सिग्नलवर हा आकडा लोकांना किती जायचंय ते सांगत नाही, सिग्नल किती सोडतो तेवढंच सांगतो.

गणित करून बघा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) ठोकताळ्यानुसार रस्त्याच्या त्या हाताची रुंदी मीटरमध्ये घ्यायची आणि तिला ५२५ नं गुणायचं, म्हणजे सलग हिरवा दिवा असताना तासाला किती पीसीयू सुटतील ते मिळतं. (पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या मापात आणून केलेली बेरीज.) ७ मीटरचा हात असेल तर ३,६७५. सिग्नलचं चक्र, म्हणजे सगळ्या हातांची एक पूर्ण फेरी, १२० सेकंदांचं आणि त्यात हिरवा ४० सेकंद, तर तासाला १,२२५, म्हणजे पाव तासाला जेमतेम ३०६. आता रांग चौकाबाहेर कितीही लांब जाऊ दे, तक्त्यावर प्रत्येक पाव तासाला तीनशेच्या आसपासच आकडा येणार. अहवालात मग वाक्य येतं, ‘गर्दीच्या वेळी वाहतूक स्थिर आढळली.’ स्थिर कसली, दाराएवढीच माणसं बाहेर पडतायत!

त्याच पाव तासात मागची रांग ३५ पीसीयूनं वाढली असेल तर खरी मागणी ३४१ झाली, तासाची १,३६४. कागदावर १,२२५ आणि जमिनीवर १,३६४, हा फरक दर तासाला १३९ पीसीयूंची रांग वाढवत नेतो. पुढचं सगळं डिझाइन लहान आकड्यावर उभं राहतं आणि उद्घाटनाच्या आठवड्यातच अपुरं पडतं.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक हाताला एक माणूस जादा ठेवा. त्याचं काम एवढंच: दर १५ मिनिटांच्या शेवटी रांगेचं शेपूट कुठे आहे ते ठरावीक खांबांवरून लिहायचं. खांबांमधली अंतरं आदल्या दिवशी मोजून ठेवा. मी तर अहवाल हातात आला की आधी रांगेचा रकाना शोधतो. तो नसेल तर पुढची पानं वाचत नाही.

मोजणीचा दिवसही असाच बेफिकिरीनं निवडला जातो. शाळांना सुटी असताना, गणपतीत किंवा बाजाराच्या दिवशी केलेली मोजणी त्या दिवसापुरतीच खरी. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. ज्या रस्त्यावर मंगल कार्यालयं आणि शोरूम आहेत तिथं पितृपक्षात मोजू नका. तिथली खरी गर्दी लग्नसराईत संध्याकाळी सातनंतर असते. आपल्याकडे दोन सत्रांच्या शाळा असल्यामुळे दुपारी बारा ते एकच्या दरम्यान तिसरी गर्दी होते. मुंबईच्या नमुन्यावर सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्यांना ती कधीच दिसत नाही.

दुचाकीच्या पीसीयूबद्दल थोडक्यात. आयआरसी १०६ मध्ये दुचाकींचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ०.५ आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५ धरायला सांगितलं आहे. आपल्या शहरांत तो १० टक्क्यांच्या कितीतरी पुढे असतो, तरी सवयीनं ०.५ लिहिलं जातं. हे गुणक रस्त्याच्या सलग तुकड्यासाठी आहेत. सिग्नलच्या गणिताला वेगळे लागतात. कुठले घेतले ते अहवालात लिहा, दोन्हींची भेळ करू नका.

चौक तुंबला? सेकंद वाढवा!

सेकंद वाढवायला निविदा लागत नाही, म्हणून हा उपाय सगळ्यांना आवडतो. ९० चे १२०, १२० चे १८०. प्रत्येक फेरीत दिवा बदलताना काही सेकंद वाया जातात, चक्र लांबवलं की ते कमी वेळा वाया जातात, हे खरं. पण हा फायदा लवकर आटतो आणि तोटे वाढत जातात. ३० मीटरच्या उजव्या वळणाच्या पट्ट्यात पाच मोटारी मावतात. लाल जेवढा लांबेल तेवढी सहावी, सातवी, आठवी मोटार सरळ जाणाऱ्यांच्या पट्ट्यात उभी राहते आणि सरळ जाणाऱ्यांचा हिरवा फुकट जातो. पायी माणूस दोन मिनिटं थांबत नाही, मध्येच घुसतो.

चक्र किती सेकंदांचं ठेवायचं ते सांगणारं वेबस्टरचं सूत्र वापरा, ते चार ओळींत सुटतं. वाया जाणाऱ्या एकूण सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा. प्रत्येक फेजमध्ये (फेज म्हणजे एकाच वेळी हिरवा मिळणाऱ्या हालचालींचा टप्पा) सर्वांत जड हाताची मागणी भागिले त्याची सुटण्याची क्षमता काढा, या सगळ्यांची बेरीज १ मधून वजा करा आणि आलेल्या आकड्यानं भागा. चार फेज, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे १६. बेरीज ०.७५ असेल तर २९ भागिले ०.२५, उत्तर ११६ सेकंद. बेरीज ०.९ झाली की तेच सूत्र २९० सेकंद सांगतं. याचा अर्थ २९० सेकंदांचा सिग्नल लावा असा नाही. या चौकाचा प्रश्न सेकंदांनी सुटणार नाही, हे ते सांगतंय.

माझी रीत अशी: १२० च्या वर जायची वेळ आली की सेकंदांना हात लावायचा नाही, फेज मोजायच्या. एखादं उजवं वळण पुढच्या चौकातून फिरवता येतं का? चाराच्या तीन फेज झाल्या तर जो फायदा होतो तो ६० जादा सेकंदांनी होत नाही. आणि थांबरेषेपासूनचे पहिले ५० मीटर दोन्ही बाजूंनी मोकळे करा. तिथं रिक्षा थांबा आणि बसथांबा असेल तर ७ मीटरचा हात कागदावरच ७ मीटरचा असतो. बसथांबा चौक ओलांडल्यावर पुढे न्या.

पायी चालणाऱ्यांचा हिशेब वेगळा करावाच लागतो: १४ मीटर रस्ता, चाल सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे १२ सेकंद. पाऊल उचलायला ७ सेकंद द्या. एकूण १९. ज्या फेजमध्ये हे १९ सेकंद बसत नाहीत तिथं झेब्रा पट्टे म्हणजे नुसता रंग.

वळणारी वाहतूक न बघता उड्डाणपूल

नाशिकचा द्वारका चौक बघा. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो आणि त्याला नाशिक-पुणे रस्ता इथं येऊन मिळतो. महामार्गावर शहरावरून जाणारा लांबलचक उड्डाणपूल झाला. सरळ धुळ्याकडे किंवा मुंबईकडे जाणारा ट्रक वरून निघून गेला, त्याच्यापुरतं काम झालं. पण द्वारकेला अडकणारा गठ्ठा पुणे रस्त्याकडे वळणारा, जुन्या नाशिकात शिरणारा आणि शहरातल्या शहरात फिरणारा आहे. त्याला पूल काय कामाचा? तो खालीच राहिला, शिवाय पुलाच्या खांबांनी चौकातली नजर आणि जागा दोन्ही खाल्ली. पायी लोकांसाठी भुयारी मार्ग केला तर तोही वापराविना पडून राहिला. पायऱ्या उतरून, अंधारातून जाऊन परत चढायचं, हे हातात पिशव्या असलेला माणूस करत नाही. रस्ता जमिनीवर ओलांडायची सोय आधी, भुयार नंतर.

पुण्यात याच जातीची चूक आणखी महागात गेली. विद्यापीठ चौकात गणेशखिंड रस्ता, औंध, बाणेर आणि पाषाणचे रस्ते एकत्र येतात. तिथला २००६ च्या सुमारास झालेला उड्डाणपूल आणि त्याच रस्त्यावरचा ई-स्क्वेअरसमोरचा पूल, दोन्ही २०२० मध्ये पाडावे लागले. कोंडी होतीच, आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला जागा हवी होती. पुलाचं आयुष्य शंभरेक वर्षं धरतात, इथं पंधराही भरली नाहीत. हिंजवडीकडची वाढ पूल बांधतानाच डोळ्यांसमोर होती. त्या वाढीची वाहतूक कुठून कुठे जाणार आणि पुढे सार्वजनिक वाहतूक त्याच रस्त्यावरून न्यायची झाली तर खांब कुठे बसणार, हे दोन प्रश्न नकाशावर आधी सोडवायचे होते.

म्हणून पुलाचा प्रस्ताव दिसला की वळणांचा तक्ता मागा. चार हातांच्या चौकात बारा हालचाली असतात: प्रत्येक हाताची सरळ, डावी, उजवी. बाराही आकडे वेगवेगळे हवेत. पूल ज्या सरळ हालचालीला देताय ती एकूण वाहतुकीच्या निम्मीही नसेल, तर तिथंच थांबा. निम्म्याहून जास्त असेल तर पुढच्या चौकातली मोजणी मागा. पूल उतरतो तिथून पुढचा सिग्नल तीन-चारशे मीटरवर असेल, तर कोंडी तेवढं अंतर पुढे सरकते, एवढाच बदल.

कागदावरचा रस्ता जमिनीवर आहे असं समजणं

वरच्या सगळ्या चुका चौकातल्या. ही चूक नगररचना विभागाच्या टेबलावर होते आणि चौकातल्या कोंडीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं, म्हणजे यूडीसीपीआरनं, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, समोरच्या रस्त्याच्या रुंदीला बांधला. महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १.१, प्रीमियम (पालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क) धरून ९ मीटरला २, १५ ते २४ मीटरच्या दरम्यान २.५, ३० मीटरच्या पुढे ३. शिवाय निवासी बांधकामाला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. समजण्यापुरतं त्या ६० टक्क्यांसकट सगळं क्षेत्र धरू आणि एका घराला जिना-बाल्कनीसकट ८० चौरस मीटर. १.१ वर साधारण ८९ घरं होतात, २.५ वर २०२.

कल्पना वाईट नाही: रुंद रस्त्यावर दाट वस्ती. गोम इथं आहे की नियम प्लॉटसमोरची रुंदी बघतो. ले-आउटपुढे १८ मीटरचा रस्ता असतो, बिल्डरनं तो चकाचक डांबरीही केलेला असतो. दोनशे मीटरवर तो नाल्याला टेकतो किंवा एका शेतकऱ्याच्या ताब्यातल्या गटापाशी ७ मीटरवर येतो. ती २०२ घरं त्या ७ मीटरच्या गळ्यातूनच मुख्य रस्त्याला लागतात. असे दहा एकर मंजूर झाले की कोंडी मुख्य रस्त्यावरच्या चौकात दिसते आणि तिथं उड्डाणपुलाची मागणी सुरू होते.

परवानगीचा प्रस्ताव हातात आला की टेप घेऊन उलटं चाला, प्लॉटपासून मुख्य रस्त्यापर्यंत. दर ५० मीटरला भिंत ते भिंत, डांबर ते डांबर, दोन्ही रुंद्या लिहा आणि सगळ्यात अरुंद ठिकाणाला लाल गोल करा. गूगलच्या नकाशावर पट्टी ठेवून हे होत नाही. झाडाखालचं अतिक्रमण त्यात दिसत नाही. मग त्या लाल गोलाचा गट नंबर काढा आणि विकास आराखड्यात तिथं रस्ता आहे का ते बघा. आराखड्यात असेल तर संपादन कुठवर आलं ते विचारा. एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. शंभर मीटरचा असा एक तुकडा हातचा गेला की दोन किलोमीटरचा रस्ता निकामी. जुना रस्ता रुंद करायचा असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २१० ची रस्तारेषा आखून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक नवी इमारत मागे सरकते. हे काम कंटाळवाणं आहे, फीत कापायला मिळत नाही आणि निकाल दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. पैसे मात्र इथंच आधी लावा. ज्या दोन टोकांमध्ये एकच तुकडा बाकी आहे तो रस्ता आधी घ्या, लांबीनं मोठा नव्हे.

लहान चुका

समांतर रस्ता नसताना एकेरी वाहतूक: लोक उलटेच येतात, हवालदार किती ठेवणार?

‘फ्री लेफ्ट’साठी, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळता यावं म्हणून, फुटपाथ कापणं. आयआरसी १०३ प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ती उरत नसेल तर फ्री लेफ्ट देऊ नका.

मनाला येईल तसा गतिरोधक. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरसाठी. नगरसेवकाच्या फोनवर रात्रीत टाकलेला डांबराचा उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे.

शाळेला किंवा मंगल कार्यालयाला परवानगी देताना फाटक रस्त्याला चिकटून ठेवणं. फाटक आत घ्यायला लावा, रिक्षा आणि व्हॅन आवारात वळल्या पाहिजेत.

पी-१, पी-२ च्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) पाट्या लावून पुन्हा कुणी न बघणं.

हरकत लिहिताना

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत मिळते. त्यात ‘रस्ते रुंद करा’ किंवा ‘वाहतूक सुधारा’ असं लिहिलेला अर्ज सुनावणीत अर्ध्या मिनिटात संपतो. गट नंबर लिहा, आराखड्यातली रुंदी आणि टेपनं मोजलेली रुंदी शेजारी शेजारी लिहा, लाल गोलाचा फोटो आणि हातनकाशा जोडा. एका अर्जात एकच तुकडा. सुनावणीला स्वतः जा, दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या.