मादी उंदरांवर काम करायचंय? आधी वेत मोजायला शिका

"ताई, मले बिहेवियरमध्ये काम कराचं हाय, पण आपल्या कॉलेजात त पिंजराबी नाही." दारव्हा-दिग्रसकडच्या झूऑलॉजीच्या पोरांचे असे फोन येतात. माझा विषय मादी उंदरांची आक्रमकता, म्हणून त्यावरूनच सांगते.

प्रयोगशाळेतली न व्यालेली मादी सहसा भांडत नाही. म्हणून बरीच वर्षं सगळं लक्ष नरांकडेच राहिलं; मला विचाराल तर तो आळसच. तीच मादी व्याली की परक्या नरावर तुटून पडते, पिल्लं लहान असताना तर फारच. १९७६मध्ये एबर्ट आणि हाइड या संशोधकांनी रानटी घरउंदरांच्या माद्या पिढ्यान् पिढ्या निवडून भांडखोर आणि शांत असे वेगळे वंश तयार केले. म्हणजे अनुवंशाचा वाटा आहेच.

मग संगोपनाचा किती? पऱ्हाटी जोमदार आली की बियाण्याचं श्रेय की जमिनीचं, हा वाद पारावर दरवर्षी होतो. तो मिटवायचा तर दोन्ही बियाणी दोन्ही जमिनींत पेरावी लागतील. क्रॉस-फॉस्टरिंग तेच आहे: भांडखोर वंशाची पिल्लं जन्मताच शांत आईखाली, शांत वंशाची भांडखोर आईखाली. काही पिल्लं आपल्याच वंशातल्या दुसऱ्या आईलाही द्यायची, नाहीतर अदलाबदलीचाच परिणाम संगोपनाच्या खात्यावर जातो. एवढं करूनही गर्भातले दिवस उरतात. दोन नर भावांच्या मधे वाढलेली मादी पुढे जास्त आक्रमक निघू शकते, हे व्हॉम साल या संशोधकाच्या कामातून दिसलं.

आणि एका वेताची आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत. आई एक, दूध एक; हिशोब वेताचा मांडायचा. संशोधनासाठीच्या मुलाखतीत गाइड हेच हमखास विचारतात.

घरातले उंदीर पकडून प्रयोग मात्र करू नका. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि मे महिन्यात लाइट गेली की आपल्याकडे पिंजऱ्यातली पिल्लं तगणं कठीण. त्यापेक्षा अंगणातल्या पिल्लंवाल्या कोंबडीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओतलं वागणं नोंदवायचं बोरिस हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. दुसरी कोंबडी जवळ आल्यापासून पहिली चोच किती सेकंदांत बसली, एकूण किती वेळा बसली, ते नोंदवा. 'हल्ला' कशाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवा. मग तोच व्हिडिओ मैत्रिणीला द्या, तुमचे आकडे न दाखवता. दोघींचे आकडे जुळत नसतील तर व्याख्या सैल आहे. ती घट्ट करा आणि पुन्हा मोजा.