‘कॅमेरा सापडत नाही’ असं बोर्ड म्हणतो तेव्हा: ईएसपी३२-कॅम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

माझ्याकडे विचारायला येणारी ज्युनियर मुलं बहुतेक दोनच विषय घेऊन येतात. सिंहस्थासाठी गर्दी मोजणारा कॅमेरा, नाहीतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत भुरी-डाऊनी रोगांवर नजर ठेवणारा कॅमेरा. बोर्ड सगळ्यांचा एकच, एआय-थिंकर कंपनीचा ईएसपी३२-कॅम, म्हणजे ईएसपी३२ हा वाय-फायवाला प्रोसेसर असलेला छोटा कॅमेरा बोर्ड, आणि त्यावर ओव्ही२६४० हा कॅमेरा सेन्सर. बोर्डाचे मेसेज कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या सेरियल मॉनिटरवर अडकलेली ओळही एकच: कॅमेरा इनिट फेल, एरर ०एक्स१०५.

जुन्या लायब्ररीत हाच एरर ०एक्स२०००१ असा दिसतो. अर्थ इतकाच, की बोर्डाने सेन्सरला हाक मारली आणि सेन्सरने ओ दिली नाही. कॅमेरा जळला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण याच ठिकाणी घाबरून मुलं नवा सेन्सर मागवतात, आणि नव्या सेन्सरवरही तोच एरर आला की रडकुंडीला येतात.

सोपी कारणं पटकन उरकतो. कोडमध्ये एआय-थिंकरचंच मॉडेल निवडलंय ना ते बघा, नाहीतर पिन नंबर दुसऱ्याच बोर्डाचे लागतात. रिबन केबल काढून, कनेक्टरची काळी पट्टी उचलून, केबल सरळ आतपर्यंत सरकवा आणि पट्टी परत दाबा. प्रोग्राम टाकताना जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला जोडलेली असते, ती वायर नंतर काढा, कारण कॅमेऱ्याचं क्लॉकही त्याच पिनवरून जातं. ०एक्स१०१ आला तर प्रश्न मेमरीचा आहे. बोर्डाच्या यादीत योग्य नाव निवडून पीएसरॅम, म्हणजे बोर्डावरची जादा मेमरी, चालू झाली का ते पाहा. एवढं तुम्ही केलंच असेल.

आता खरं दुखणं, वीज. माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यूएसबीवरून बोर्डात प्रोग्राम टाकणाऱ्या बऱ्याच स्वस्त एफटीडीआय मॉड्यूलवर ३.३ व्होल्टची पिन असते आणि बोर्डावरही ३.३ व्होल्टची पिन असते, त्यामुळे दोन्ही जोडून टाकावंसं वाटतं. पण अशा मॉड्यूलवरच्या एफटी२३२ चिपमधून मिळणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा फार तर ५० मिलिअँपिअरचा. ईएसपी३२ वाय-फायवर सिग्नल पाठवताना एकटाच २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, कॅमेरा वेगळाच. म्हणून वीज नेहमी ५ व्होल्टच्या पिनलाच द्या. तिथेही बेसावध राहू नका. बोर्डावरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट नीट द्यायला त्याच्यावर साधारण एक-सव्वा व्होल्ट जास्त लागतो. बारीक जंपर वायर आणि सैल ब्रेडबोर्ड यांत ५ चे ४.३ झाले, की रेग्युलेटर हात टेकतो.

यातली खरी मेख पुढे आहे. सेन्सरला २.८ व्होल्टची स्वतःची वेगळी लाइन लागते, ती याच ३.३ मधून तयार होते. ईएसपी३२ चा ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे वीज कमी पडली की प्रोसेसर रीसेट करणारा पहारेकरी, मात्र डीफॉल्टला साधारण २.४३ व्होल्टवर ओरडतो. म्हणजे ३.३ चं व्होल्टेज क्षणभर २.७ पर्यंत उतरलं, तर कॅमेरा कोलमडतो आणि प्रोसेसर मजेत चालू राहतो. स्क्रीनवर फक्त ‘कॅमेरा सापडला नाही’ एवढंच येतं, विजेचं नावसुद्धा नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे ब्राउनआउट डिटेक्टर बंद करणारी ती एक ओळ. सीनियरकडून मिळालेल्या तयार कोडमध्ये ती सेटअपच्या अगदी वर असते. ‘ही टाक, रीसेट थांबेल’ असं सांगतात. मला मिळालेल्या कोडमध्येही ती होतीच, म्हणून विजेची तक्रार मला कधी दिसलीच नाही आणि सगळा आळ कॅमेऱ्यावर गेला. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. जो मार्गदर्शक ओळ देतो पण ती काय बंद करते हे सांगत नाही, त्याच्याकडे मल्टिमीटर मागा, कोड मागू नका.

तर आधी ती ओळ काढा आणि बोर्ड चालवा. ब्राउनआउटचा मेसेज येऊन बोर्ड रीसेट होत राहिला तर आनंद माना, उत्तर मिळालं. मग ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला चार्जर, आखूड जाड केबल, आणि ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये बोर्डाला अगदी खेटून ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची उणे बाजू ग्राउंडलाच हवी, उलटा लावलात तर फुटतो. चार्जरवर चालवताना एफटीडीआयची फक्त ग्राउंड आणि डेटाच्या टीएक्स, आरएक्स या वायरी ठेवा, विजेची व्हीसीसी काढून टाका.

मल्टिमीटर ४.९ दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका. ही घसरण काही मिलिसेकंदांची असते, ती त्याला पकडता येत नाही. कॉलेजच्या लॅबमधला डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) ३.३ च्या पिनवर लावून सिंगल ट्रिगरवर ठेवा, म्हणजे घसरण आली की ती पकडून तो थांबेल. लॅब असिस्टंटना नीट विचारलंत तर ते बहुतेक वेळा लावूनही देतात. माझ्या अनुभवात या कामात त्यांचा उपयोग यूट्यूबपेक्षा जास्त झाला.

कोडमध्ये कॅमेरा आधी सुरू करा, वाय-फाय नंतर, म्हणजे दोघांचा झटका एकदम बसत नाही. आणि प्रत्येक बदलानंतर नुसतं रीसेट बटण दाबू नका. त्याने अडकलेला सेन्सर अडकलेलाच राहू शकतो. केबल काढा, थोडं थांबा, मग लावा. एवढं करूनही ओ मिळाली नाही, तर मित्राच्या चालत्या बोर्डावर तुमचा सेन्सर लावून बघा. तिथेही गप्प राहिला तरच नवा घ्या. सबमिशन तोंडावर असलं तरी हा क्रम सोडू नका. धीर धरलात तर बहुतेक कॅमेरे जिवंत निघतात.

बागेत लावणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. ०.२ चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन ओहम. ३०० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट त्या वायरीतच जिरतो आणि ५ चे साडेचार उरतात, म्हणजे रेग्युलेटर अगदी काठावर. टेबलावर चाललेला बोर्ड द्राक्षाच्या ओळीत गेल्यावर ‘कॅमेरा सापडत नाही’ म्हणतो तो यामुळे. खांबापर्यंत बॅटरीचे १२ व्होल्ट न्या आणि ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बोर्डाच्याच डब्यात बसवा.