वकिलीतून उच्च न्यायालयाच्या खुर्चीपर्यंत

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी अर्ज भरायचा नसतो. नाव सुचवलं जातं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ नुसार उच्च न्यायालयात १० वर्षं वकिली किंवा तितकीच वर्षं न्यायिक पद हवं. मुंबईच्या फोर्ट भागातल्या उच्च न्यायालयात ब्रीफ (खटल्याची कागदपत्रं) सीनियर वकिलाकडे देऊन मागेच बसलात तर काम कुणाला दिसत नाही. स्वतः युक्तिवाद केलेले निकाल आणि आयकर विवरणपत्रं फायलीत लावून ठेवा. नाव चर्चेत आलं की दोन्ही लागतात.

उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह शिफारस करतात. पुढे गुप्तचर अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायमूर्तींची निवड समिती), राष्ट्रपतींची सही. फाइल महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा चालती प्रॅक्टिस मोडू नका. सुरुवात बहुधा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, जास्तीत जास्त २ वर्षं. निवृत्ती ६२व्या वर्षी.